बिननावाचा तवा

एका गावात एक खोड होती. राजा नव्हता, वाणी नव्हता, बोलका पोपटही नव्हता. खोड होती. माणसाला असते तशी गावालाही असते. काही गावं भांडकुदळ असतात, काही आळशी असतात. हे गाव तसं मोठ्या मनाचं होतं. कुणाच्याही घरी लग्न निघालं, की घराघरातून भांड्यांचा आहेर जायचा. हात आखडता घेणारं घर शोधूनही सापडलं नसतं. पण खोड अशी, की दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव हवं म्हणजे हवंच. आणि ते लांबून दिसायला हवं.

त्यासाठी गावात नागू कासार होता. मांडीवर भांडं, एका हातात बारीक छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी. दिवसभर त्याची टुकटुक चालू असायची. दुकानात आलेली बाई आधी विचारायची, "नागूभाऊ, नाव सगळं मावेल असं काय आहे?" नागू मग घागरी, हंडे, ताटं, पराती पुढं करायचा. एकदा एकीनं पळी उचलली. नागू म्हणाला, "वहिनी, पळीवर नाव कुठं घालू? दांड्यावर 'सौभाग्यवती' मावेल, बाकीचं नाव तुम्ही घरी घेऊन जा." बाईनं पळी खाली ठेवली आणि घागर घेतली.

तव्याचं तर विचारूच नका. लोखंड म्हणजे शनी, काळं म्हणजे अशुभ. मंगलकार्यात असलं काही द्यायचं नसतं, असं सगळ्यांनी पक्कं ठरवून टाकलेलं. आणि खरं सांगायचं तर कुणाचं काही अडतही नव्हतं. नवी नवरी भरल्या घरात जायची. तिथं सासूचा तवा असायचा, आजेसासूची पळी असायची. आहेराची भांडी मांडणीवर चढायची, नावं पुढं करून. दिवाळीला चिंच लावून घासायला तेवढी खाली उतरायची.

मग एक लग्न असं झालं, की त्या घरात सासू नव्हती आणि तवाही नव्हता.

लग्न म्हादूचं. त्याचं घर नदीच्या काठाला होतं. आई तो लहान असतानाच देवाघरी गेली. पुढं एका वर्षी पूर आला आणि घर भांड्याकुंड्यांसकट घेऊन गेला. बाप-लेक तेवढे वाचले. म्हादू मजुरी करत देवळाच्या ओसरीवर राहिला. त्याचे वडील गोंदाआबा यांना त्यांच्या लेकीनं शेजारच्या गावी आपल्या घरी नेलं.

लेकीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. जावई तर देवमाणूस. पण जुन्या माणसांना लेकीच्या घरचं अन्न घशाखाली उतरत नाही. गोंदाआबा अर्धी भाकरी खायचे आणि पोट भरलं म्हणायचे. लेक आग्रह करायची, तर म्हणायचे, "बाई, म्हातारपणी भूक कमी होते." भूक कमी झाली नव्हती हो. लाज वाटत होती.

म्हादूनं उंचवट्यावर नवं घर बांधलं. स्वतःच्या हातानं भिंती घातल्या, छप्पर शाकारलं. मग त्याचं लग्न ठरलं. मुलीचं नाव येसू. येसू अशा घरातली, की मायलेकींचा संसार एका पातेल्यावर चालायचा. त्यात आधी भात, मग तेच धुऊन त्यात कालवण. तवा होता, पण तोही कडेला तडकलेला.

लग्न लागलं. गोंदाआबा लेकीबरोबर परत जायला निघाले तेव्हा म्हादू म्हणाला, "आबा, आता इथंच राहा की."

आबा म्हणाले, "राहतो ना. पण आधी घराला घरपण येऊ दे. तुझ्या चुलीवर तवा चढला, भाकरी फुगली, की निरोप धाड. त्या दिवशी मी मुक्काम हलवतो. पोरीला पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याचा भार कशाला?"

येसूनं हे ऐकलं. आपल्या वडिलांचं तोंडही तिला आठवत नव्हतं. तिनं मनात ठरवलं, या माणसाला पोटभर जेवताना बघायचं. बाकी संसारात काय होईल ते होवो.

मग मांडवातला आहेर घरी आला. अहाहा, काय आहेर होता! घागरी, हंडे, कळशा, ताटं, वाट्या, तांबे, फुलपात्रं. पूरग्रस्त पोर म्हणून गावानं नेहमीपेक्षाही जास्त दिलं. पाटलीणबाईंनी तर एवढी मोठी पितळी परात दिली, की तिच्यात तान्हं मूल झोपलं असतं. आतून पांढरीशुभ्र कल्हई, आणि बाहेरच्या अंगाला गोल फिरवून नाव घातलेलं: सौ. भागीरथीबाई पाटील यांजकडून सप्रेम भेट. नागूला त्या एका नावाला अख्खी सकाळ लागली होती.

येसूला वाचता येत नव्हतं. तिनं म्हादूला एकेक नाव वाचायला लावलं. प्रत्येक नावावरून बोट फिरवलं आणि प्रत्येक नावाला हात जोडले. "एवढ्या माणसांनी आपली आठवण ठेवली," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, तिला त्या प्रत्येक तांब्याचं कौतुक वाटत होतं. गावाची खोड काही असो, माया खोटी नव्हती.

एक बाई मात्र आहेर घेऊन आली नव्हती. शेजारच्या खोपटात राहणारी ठकूबाई. एकटा जीव. घरात देण्यासारखं काही नाही आणि रिकाम्या हातानं मांडवात कसं शिरायचं? तिनं मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकल्या आणि जेवण न करता घरी गेली. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या गावात आणखी एक चांगली रीत होती. हळद उतरेपर्यंत नवरानवरीनं घरी चूल पेटवायची नाही. रोज एकेका घरी जेवायचं. त्यामुळे सुरुवातीला येसूच्या काही ध्यानात आलं नाही. म्हादू तर हवेतच होता. मांडणी भरलेली बघून त्यानं बापाला निरोपही धाडला, "आबा, घर भांड्यांनी भरलं. पौर्णिमेला दुपारच्या जेवणाला या, गाठोडं घेऊनच या." पुरुषमाणूस! भांडी दिसली की स्वयंपाक झालाच, असं त्याला वाटतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येसू म्हणाली, "आज चूल पेटवून बघते. उद्या आबांसमोर फजिती नको."

तिनं चूल सारवली, हळदकुंकू वाहिलं, विस्तव केला. ज्वारीचं पीठ घेतलं. मळायला पाटलीणबाईंची परात घेतली. पहिलं पीठ मोठ्या माणसाच्या भांड्यात मळावं, म्हणून मुद्दाम घेतली. पीठ छान मळलं गेलं. भाकरी थापली. थापलेली भाकरी हातावर घेऊन ती चुलीकडे वळली, आणि तशीच उभी राहिली.

"अहो, तवा कुठाय?"

म्हादूनं वरची फळी बघितली. मधली बघितली. खालची बघितली. "असेल की. एवढी भांडी आलीत."

तवा नव्हता. उलथणं नव्हतं. पळी नव्हती. चुलीवरचं पातेलं उतरवायला सांडशी नव्हती. पातेलंही नव्हतं म्हणा, असलेल्या हंड्यांत पाणी भरता आलं असतं आणि ताटांत जेवता आलं असतं, पण जेवायला शिजवणार कशात? तांबे इतके होते, की अख्खी वरात पाणी प्यायली असती.

गावात लोहार नव्हता. बाजार पौर्णिमेनंतर होता. म्हादू म्हणाला, "थांब, कुणाकडून तरी मागून आणतो."

आता तवा मागायचा म्हणजे काय सोपं आहे का? गावात समजूत होती, चुलीवरचा तवा उतरवून दुसऱ्याच्या घरी दिला की त्याच्यामागोमाग आपली लक्ष्मीही उठून जाते. म्हादू दोन-चार दारं फिरला. बायका मनानं वाईट नव्हत्या. पण तव्याचं नाव काढलं की घुटमळायच्या. एकीनं पीठ देऊ केलं, एकीनं घरी जेवायलाच या म्हटलं. एक तर म्हणाली, "तवा नाही बाबा देता यायचा, पण आणखी एक तांब्या देऊ का?"

म्हादू हात हलवत परत आला. येसू चुलीपुढं बसून होती. फुटकं खापर चुलीवर ठेवावं, तर नव्या घरात तो अपशकुन. उद्या आबा येणार, गाठोडं घेऊन येणार. घरात चूल आहे, भाकरी नाही, हे बघितल्यावर ते तसेच गाठोडं उचलतील आणि पुन्हा लेकीच्या दारात जाऊन अर्धी भाकरी खातील. एकदा माघारी गेलेला म्हातारा पुन्हा लवकर येत नाही.

तिनं परातीकडे बघितलं. रुंद आहे, पसरट आहे. काय होईल फार तर?

काय व्हायचं ते झालं. परात चुलीवर ठेवली, ती तापली, आणि तिच्यातली पांढरी कल्हई पाण्यासारखी वितळून इकडून तिकडे धावायला लागली. भाकरी तळाला चिकटली. निघता निघेना. धूर झाला, जळका वास सुटला. येसूनं पदरानं धरून परात खाली ओढली तेव्हा बोटं भाजली. आतलं शुभ्र अंग काळंठिक्कर पडलं होतं. बाहेरच्या काठावर मात्र नाव जसंच्या तसं चकचकत होतं.

येसू मटकन खाली बसली आणि रडायला लागली. बोटांसाठी नाही. परातीसाठी आणि आबांसाठी.

वास ठकूबाईच्या खोपटापर्यंत गेला. ती काठी टेकत आली. "काय जळालं गं पोरी?"

येसूनं सगळं सांगितलं. ठकूबाईनं मांडणीकडे बघितलं, रिकाम्या चुलीकडे बघितलं, आणि डोक्याला हात लावला. "अरे देवा! म्हणजे नाकात नथ, कानात बुगड्या, आणि लुगड्याचा पत्ता नाही!"

रडता रडता येसूला हसू आलं.

"पोरी, घराला लागतं तरी काय?" ठकूबाई म्हणाली. "एक तवा. पीठ मळायला काठवट नाहीतर परात. एक जाड बुडाचं पातेलं. ढवळायला पळी आणि उतरवायला सांडशी. एवढ्यावर माझा जन्म गेला. बाकी सगळं सणाचं. असलं तर शोभा, नसलं तरी कुणी उपाशी राहत नाही."

ती तशीच घरी गेली आणि पदराखाली काहीतरी झाकून परत आली. पदर बाजूला केला. तवा होता. काळाकुळकुळीत, जड, मधोमध जरा खोलगट. इतक्या वर्षांच्या भाकऱ्या त्याच्यावर भाजल्या होत्या, की अंग काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. कडेला नाव नव्हतं, नक्षी नव्हती.

"मावशी, हा तुमच्या चुलीवरचा!" येसू मागं सरकली. "चुलीवरचा तवा देत नसतात. लक्ष्मी जाते."

"माझ्याकडं ती आलीच कधी होती, की जाईल?" ठकूबाई म्हणाली. "घे गुमान. आणि तव्याच्या जागी त्या बिचाऱ्या परातीला पुन्हा छळू नकोस."

"मग तुम्ही भाकरी कशावर भाजणार?"

"एका माणसाचं काय गं? कण्या शिजवीन. दात तरी कुठं राहिलेत भाकरीला?"

येसूनं तवा दोन्ही हातांनी घेतला. वाकून ठकूबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. ठकूबाई संकोचली. म्हणाली, "पुरे गं पुरे. तवाच दिलाय, जमीन नाही दिली."

दुसऱ्या दिवशी येसूनं चूल पेटवली. तव्यावर पहिली भाकरी टाकली. पाणी फिरवलं, उलटली, विस्तवाला लावली. भाकरी टम्म फुगली. म्हादूनं आनंदानं टाळीच वाजवली. पहिली भाकरी गाईला द्यायची रीत होती. येसूनं दुसरी गाईला ठेवली. पहिलीवर मात्र मीठ आणि ठेचा ठेवला, ती फडक्यात गुंडाळली आणि शेजारच्या खोपटात नेऊन दिली. "तवा तुमचा आहे मावशी. त्यावरची पहिली भाकरी रोज तुमची. कण्याबिण्या काही शिजवायच्या नाहीत."

ठकूबाईनं ती भाकरी दुधात कुस्करली आणि सगळी खाल्ली. दात नसले म्हणून काय झालं!

दुपारी गोंदाआबा आले. खांद्यावर गाठोडं होतं, पण ते त्यांनी दारातच ठेवलं, आत नाही आणलं. पाटावर बसले. येसूनं गरम भाकरी वाढली. आबांनी वाफेवर बोट ठेवलं, पटकन उचललं, फुंकर मारली. एक भाकरी खाल्ली. दुसरी मागून घेतली. तिसरीसाठी तर येसूनं विचारायच्या आधीच त्यांनी ताट पुढं केलं. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "म्हादू, ते गाठोडं आत आण रे."

येसू चुलीकडे तोंड फिरवून डोळे पुसत होती. धुराचं निमित्त बरं असतं अशा वेळी.

एवढ्यात दारात बांगड्यांचा आवाज झाला. पाटलीणबाई! त्या गावात लग्नानंतर आहेर देणाऱ्या बायका भांडी बघायला यायच्या. म्हणायला नवरीची विचारपूस. खरं म्हणजे आपलं भांडं कितव्या फळीवर ठेवलंय, ते बघायला.

म्हादू घाबरला. त्यानं चटकन काळी पडलेली परात उचलली आणि येसूच्या कानात म्हणाला, "भिंतीला टेकवून उभी करतो. बाहेरून नाव चकचकतंय. आत कोण बघतंय?"

खरंच, कुणी बघितलं नसतं. नाव दिसलं असतं, पाटलीणबाई सुखानं घरी गेल्या असत्या, आणि कुणाला कानोकान खबर लागली नसती. गावच्या पाटलीणबाईंना नाराज करून नव्या संसाराला काय मिळणार होतं?

पण येसू म्हणाली, "नको. त्यांनी प्रेमानं दिलीय. त्यांना फसवायचं नाही." तिनं परात म्हादूच्या हातातून घेतली आणि काळी बाजू वर करून पाटलीणबाईंसमोर ठेवली.

"काकी, चुकले मी. तुमची परात माझ्या हातानं जळाली."

पाटलीणबाई लाल झाल्या. "अगं, पंधरवडाही नाही झाला देऊन! परात काय चुलीवर ठेवायची असते? तुझ्या आईनं एवढंही शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं," येसू म्हणाली. "या घरातलं पहिलं पीठ मी तुमच्या परातीत मळलं, काकी. फार छान मळलं गेलं. पण भाजायला तवा नव्हता. आबा येणार होते. मला दुसरं काही सुचलं नाही. तुमच्या देण्याचा राग मानू नका, माझ्या अकलेचा माना."

"तवा नव्हता?" पाटलीणबाईंनी मांडणीकडे हात केला. "एवढी भांडी आली, त्यात तवा नव्हता?"

"नव्हता."

"पळी?"

"नव्हती."

पाटलीणबाई पहिल्यांदाच मांडणीकडे नीट बघायला लागल्या. घागरी, हंडे, तांबे, ताटं. सगळ्यांवर नावं. अख्खं गाव ओळीनं उभं होतं, आणि त्यातलं एकही भांडं चुलीवर चढण्याजोगं नव्हतं. नागूच्या दुकानात आपण काय विचारलं होतं, ते त्यांना आठवलं. येसूला काय लागेल, हे नव्हतं विचारलं. त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या.

गोंदाआबा पाटावरून म्हणाले, "पाटलीणबाई, उभ्या का? बसा. भाकरी गरम आहे."

पाटलीणबाईंना नाही म्हणवलं नाही. त्या बसल्या. येसूनं भाकरी वाढली. घास घेताना त्यांची नजर चुलीवरच्या तव्याकडे गेली.

"हा कुणाचा?"

"ठकूमावशींचा."

पाटलीणबाईंनी मान वाकडी करून तव्याची कड बघितली. सवयच ती. "नाव नाही त्याच्यावर."

"नाही," येसू म्हणाली. "पण ही भाकरी ज्यानं ज्यानं खाल्ली, त्याला मी नाव सांगणार."

पाटलीणबाईंनी भाकरी संपवली, हात धुतला, परात काखेत मारली आणि निघून गेल्या. म्हादू दारापर्यंत धावला. "गेल्या रागावून!"

थोड्या वेळानं त्या परत आल्या. परात नव्हती. हातात एक पळी होती. जुनी, पितळी, घोटून घोटून एका बाजूनं झिजलेली. शिवाय पदरात एक सांडशी आणि उलथणं.

"परात कल्हईवाला आला की पांढरी करून देते," त्या म्हणाल्या. "ही पळी माझ्या सासूबाईंची. आमटी ढवळायला हिच्यासारखी पळी नाही. माझ्या घरात दुसऱ्या आहेत. ही तू घे." मग जरा थांबून हसल्या. "नाव मात्र हिच्यावर मावत नाही हो."

येसूनं पळी कपाळाला लावली. "मावू नये काकी. माझ्या तोंडात मावेल. रोज आमटी वाढताना घेईन."

बाई, काय सांगू! ज्या बाईनं गावभर भांड्यांवर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं, तिचे डोळे तेव्हा पहिल्यांदा भरून आले. जाताना त्या वाट वाकडी करून ठकूबाईच्या खोपटाकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच ठाऊक. पण गावातल्या पुढच्या लग्नात ठकूबाई मांडवाच्या कडेला नव्हती. पाटलीणबाईंनी तिला हाताला धरून पंगतीत आपल्याशेजारी बसवलं होतं.

पुढं परात पांढरीशुभ्र होऊन परत आली. येसू तिच्यात रोज पीठ मळायची. आहेराचं एकही भांडं तिनं मोडीत काढलं नाही, की कुणाला नावं ठेवली नाहीत. दिवाळीला सगळी खाली काढून घासायची, नावावरून बोट फिरवायची आणि हात जोडायची. गोंदाआबांचं म्हणाल, तर ते चांगले गुटगुटीत झाले. लेक भेटायला आली तेव्हा म्हणाली, "आबा, म्हातारपणी भूक कमी होते ना?" आबांनी न ऐकल्यासारखं केलं आणि आणखी एक भाकरी मागितली.

आणि तवा? ठकूबाई होती तोवर त्यावरची पहिली भाकरी रोज तिच्याकडे गेली. ती आजारी पडली तेव्हा येसूनं भरवली. ठकूबाई गेली त्या दिवशी येसूनं तवा चुलीवरून उतरवला आणि तिचं क्रियाकर्म होईपर्यंत चढवला नाही.

मग येसूनं एक रीत पाडली. गावात कुणाचंही लग्न ठरलं, की ती बाजारातून कोरा तवा आणायची. पण कोरा द्यायची नाही. कोऱ्या तव्यावर भाकरी चिकटते, नव्या नवरीची फजिती होते. लग्नाला वेळ असेतो ती रोज त्यावर आपल्या घरच्या भाकऱ्या भाजायची. तेल लावायची, पुसायची, पुन्हा भाजायची. तवा चांगला काळा, गुळगुळीत झाला, की मांडवात सगळ्यांसमोर नवरीच्या हातात द्यायची. सुरुवातीला म्हाताऱ्याकोताऱ्या कुजबुजल्या, शुभकार्यात लोखंड! पण पाटलीणबाईंनीच उठून त्या तव्याला हळदकुंकू लावलं, तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली. हळूहळू कुणी पळी द्यायला लागलं, कुणी काठवट, कुणी पातेलं. द्यायच्या आधी माणसं नवरीच्या घरी जाऊन विचारायला लागली, "बाई, तुझ्याकडं काय नाही?" नागू कासाराचं नाव घालायचं काम कमी झालं. तो आधी कुरकुरला, मग पळ्या घडवायला लागला.

त्या गावात आता पुष्कळ घरं झाली आहेत. घराघरात मांडणीवर भांडी आहेत, भांड्यांवर नावं आहेत. त्यातली बरीचशी कुणाची, ते आता कुणाला सांगता येत नाही. घासून घासून अक्षरं पुसली गेली. पण लग्नात मिळालेल्या तव्यावर नवी सून पहिली भाकरी टाकते, तेव्हा घरातलं कुणीतरी तिला सांगतंच, "जपून हो, ठकूचा तवा आहे तो." सून विचारते, "ठकू कोण?" मग घरची मोठी माणसं चुलीजवळ बसतात आणि सांगायला लागतात.

तात्पर्य: देताना आपलं नाव कुठं मावेल ते बघू नये, घेणाऱ्याच्या चुलीवर काय नाही ते बघावं, आणि घेणाऱ्यानं सगळ्यांचेच उपकार मानावेत, पण ज्या देण्यावर नाव नसतं, ते देणाऱ्याचं नाव आपल्या तोंडी जपावं.